प्रवासाची शिदोरी : तेइशोकूचें ताट

जपानास जाऊन आलेल्या मंडळींच्या तोंडून दोन प्रकारच्या हकीकती ऐकूं येतात. एक म्हणतात, तेथें आपल्यासारख्यांस खावयास कांहींच मिळत नाहीं. आम्ही पंधरा दिवस घरून नेलेल्या दशम्या, मेतकूट आणि पाकिटांतला उपमा यांवर काढले. दुसरे म्हणतात, छे, अडचण कसली? मांस नको म्हणून सांगितलें, त्यांनीं टोफू आणून दिला, पोटभर जेवलों. आमच्या मतें या दोन्ही हकीकती अपुऱ्या आहेत. पहिलींत विनाकारण उपास घडला आहे; आणि दुसरींत, सांगणाराच्या नकळत, बहुधा मासा पोटांत गेला आहे.

साकुराचा बहर पाहावयास जाणाऱ्या कुटुंबांची संख्या वाढत असल्यामुळें या सदराकडे येणाऱ्या पत्रांतूनही हाच प्रश्न वारंवार येऊं लागला आहे. एका भगिनीनें लिहिलें आहे तें सर्वांच्या वतीनें लिहिल्यासारखें आहे : घरांतून आठ माणसें जाणार, सासूबाई चातुर्मास पाळणाऱ्या, कडक शाकाहारी, यजमान अंडें खातात, दोघे पुतणे परदेशीं शिकून आलेले, त्यांस मासे चालतात. तेव्हां रोज संध्याकाळीं भारतीय खाणावळ शोधीत हिंडावें काय? आमचें उत्तर असें कीं, रोज हिंडण्याचें कारण नाहीं. जपानी माणूस स्वतः दुपारीं जेथें जेवतो तेथें या आठही जणांनीं एका ठिकाणीं बसून जेवणें शक्य आहे. मात्र त्यासाठीं तेइशोकु म्हणजे काय, तें मागवावें कसें, आणि त्यांत दिसत नाहीं असें काय असतें, या तीन गोष्टी घरून निघण्यापूर्वीं समजून घेतल्या पाहिजेत.

तेइशोकु या शब्दाचा सरळ अर्थ ठरलेलें जेवण. एका तबकांत एका माणसाचें सगळें जेवण मांडून येतें. भाताचा वाडगा, मिसोशिरु, म्हणजे सोयाबीनच्या आंबविलेल्या लगद्याचें सार, एक मुख्य पदार्थ, एक-दोन लहान बशांतून भाजी किंवा टोफू, आणि चिमूटभर लोणचें. ‘एक सार, तीन पदार्थ’ अशी जुनी घडण त्यामागें आहे. २०१३ सालीं युनेस्कोनें जपानी भोजनपरंपरेस मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत स्थान दिलें, तेव्हां लोकांचें लक्ष महागड्या मेजवान्यांकडे गेलें. पण परंपरेचा सांगाडा पाहावयाचा असेल तर सुमारें आठशें ते बाराशें येनांत मिळणारें हें तबकच पुरेसें आहे.

आपल्याकडे ताट वाढण्याची जशी रीत आहे, मीठ वरती मध्यें, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे, तशीच त्यांचीही आहे. भात पुढें डाव्या हातास, सार पुढें उजव्या हातास, मुख्य पदार्थ मागें, आणि सर्वांच्या पुढें काड्या आडव्या, टोंकें डावीकडे. डावी-उजवी चुकली म्हणजे वाढणारणीला बोलणाऱ्या आमच्या आजीच्या पिढीला हें पाहून समाधान वाटलें असतें. फरक आहे तो वाढण्याच्या क्रमांत. आपल्याकडे वरणभातापासून ताकभातापर्यंत जेवण टप्प्याटप्प्यानें चालतें आणि वाढपी पंगतींतून फिरत असतो. तेथें सगळें एकदांच येतें, आणि भाताचा घास, साराचा घोट, भाजीचा तुकडा असें आळीपाळीनें खावयाचें असतें. भात पांढराच खातात. त्यावर सोयाचा रस ओतणें त्यांच्या दृष्टीला बरें दिसत नाहीं. तूप-वरणाशिवाय कोरडा भात कसा उतरावा अशी शंका आपणांस येईल; पण तो भात मऊ आणि चिकट असतो, आणि सार व लोणचें यांच्या आधारानें सहज उतरतो.

हें जेवण मिळतें तीं ठिकाणें म्हणजे शोकुदो. भोजनगृह हा त्याचा शब्दशः अर्थ, परंतु आपल्या खाणावळीचा भाव त्यांत अधिक आहे. स्टेशनांभोंवतीं, कचेऱ्यांच्या गल्ल्यांतून, विद्यापीठांच्या आसपास तीं असतात. दारावर कापडी पडदा टांगलेला असला म्हणजे दुकान उघडें. पुष्कळ ठिकाणीं कांचेच्या कपाटांत त्या दिवसाच्या पदार्थांचीं हुबेहूब नमुना-ताटें मांडलेलीं असतात. पूर्वीं तीं मेणाचीं करीत, हल्लीं प्लास्टिकचीं करतात. १९३२ सालीं इवासाकि ताकिझो नांवाच्या गृहस्थानें ओसाका येथें हा धंदा उभारला. भाषा न येणाऱ्या प्रवाशावर त्या गृहस्थाचे मोठे उपकार आहेत. वाढणाऱ्या बाईस दाराशीं बोलावून नमुन्याकडे बोट दाखवावें आणि ‘कोरे ओ ओनेगाइ शिमासु’, म्हणजे ‘कृपया हें द्यावें’, असें म्हणावें. त्यांत बोलणाऱ्याला किंवा ऐकणारीला कोणताही संकोच वाटण्याचें कारण नाहीं.

ज्यांस अगदीं परक्या दुकानांत शिरण्याचा धीर होत नाहीं त्यांनीं अनेक शाखा असलेल्या दुकानांपासून आरंभ करावा. ओओतोया हें त्यांपैकीं जुनें नांव; १९५८ सालीं तोकियोच्या इकेबुकुरो भागांत त्याचें पहिलें भोजनगृह निघालें. यायोइकेन हें दुसरें. अशा ठिकाणीं चित्रांची यादी असते, पुष्कळदां इंग्रजीही असतें. यादींतील मजकूर जपानींतच असला तर हातांतला फोन त्याचें भाषांतर करून दाखवितो. तें भाषांतर विनोदी असलें तरी मासा कीं डुक्कर एवढें त्यावरून कळतें.

कांहीं दुकानांत मागणी माणसाकडे नसून दाराजवळच्या यंत्राकडे करावयाची असते. त्यांत जुन्या धर्तीच्या यंत्रांस आधीं पैसे द्यावे लागतात, मग कळा उजळतात. हव्या त्या पदार्थाची कळ दाबली कीं तिकीट पडतें. उरलेले पैसे घेण्याची कळ निराळी असते, ती विसरूं नये. तिकीट फळीवर ठेवून बसावें. मागें रांग लागली असतां यंत्रासमोर कुटुंबसभा भरविणें बरें नव्हे. काय घ्यावयाचें तें बाहेरच्या कपाटापाशींच ठरवावें. यंत्राच्या दुकानांत ‘हें वगळा, तें घाला’ असें सांगण्यास वाव फार थोडा असतो, म्हणून पथ्यपाणी असणाऱ्यांनीं माणूस मागणी घेतो असेंच दुकान पसंत करावें.

मासे-मांस चालणाऱ्यांचें काम सोपें आहे. ‘हिगावारि तेइशोकु’ म्हणजे रोज बदलणारें ताट. बाजारांत त्या दिवशीं जें चांगलें व स्वस्त मिळालें त्याचें तें असतें, आणि लवकर संपतें. मीठ लावून भाजलेला साबा मासा हें शोकुदोचें नेहमींचें ताट. बांगड्याच्याच कुळांतला हा मासा असल्यामुळें कोंकण-गोव्याकडील मंडळींस तो ओळखीचा वाटेल. मांस न खाणाऱ्यांनीं मात्र तोन्कात्सु आणि शोगायाकि हीं दोन नांवें ओळखून ठेवावींत. दोन्हींत डुकराचें मांस असतें. कोरोक्के नांवाचा पदार्थ बटाट्याच्या कटलेटसारखा दिसतो आणि आपली माणसें त्यावर विश्वासानें हात टाकतात. त्यांतही बहुधा मांसाचा खिमा मिसळलेला असतो.

भात अधिक हवा असल्यास ‘ओओमोरि’ म्हणावें, कमी हवा असल्यास ‘सुकुनामे’. पुष्कळ दुकानांत भात पुन्हा घेतां येतो, त्यास ‘ओकावारि’ म्हणतात. तो फुकट कीं पैसे देऊन हें यादींत लिहिलेलें असतें. पानांत टाकणें तेथेंही वाईटच समजतात, तेव्हां आमचा कल कमी मागवून पुन्हा घेण्याकडे आहे. मात्र एक तबक मागवून दोघांनीं वाटून खाणें त्यांच्या रीतींत बसत नाहीं. दर माणशीं एक मागणी असावी अशी अपेक्षा असते. लहान मुलांसाठीं पुष्कळ ठिकाणीं ‘ओकोसामा’ ताट मिळतें. १९३० सालीं तोकियोच्या मित्सुकोशि दुकानांत मुलांसाठीं निराळें ताट निघालें, तेव्हांपासूनची ही चाल आहे.

आतां मुख्य अडचणीकडे वळूं. जपानी स्वयंपाकाचा पाया दाशि नांवाचा अर्क आहे. कात्सुओ नांवाचा मासा शिजवून, धुरावून, लांकडासारखा टणक होईपर्यंत वाळवितात, त्याचा पातळ कीस काढितात, आणि तो गरम पाण्यांत घालून गाळून घेतात. कांहीं ठिकाणीं लहान सुके मासे वापरतात. मिसोशिरूंत तो अर्क असतो. पालकाच्या उकडलेल्या भाजींत असतो. शिजविलेल्या भोपळ्यांत असतो. अंड्याच्या गुंडाळींत, उदोन आणि सोबा या शेवयांच्या रशांत, तळलेल्या टोफूवर ओतलेल्या रसांतही असतो. डोळ्यांना दिसत नाहीं आणि नाकाला, संवय नसल्यास, कळत नाहीं. मिसो हा पदार्थ स्वतः निव्वळ सोयाबीन, धान्य आणि मीठ यांचा. पण त्याचें सार झालें कीं बहुतेक मासा त्यांत आलाच.

‘मांस नको’ असें सांगूनही मासा कां येतो, याचें कारण फसवणूक नव्हे. इ. स. ६७५ मध्यें तेम्मु बादशहानें गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचें मांस वर्षाच्या ठराविक महिन्यांत खाण्यास बंदी केली. पुढें बौद्ध विचाराच्या वजनानें मांस दीर्घ काळ निषिद्धप्राय राहिलें. १८७२ सालीं मेइजी बादशहानें गोमांस खाल्ल्याचें जाहीर झालें, तेव्हां वरून बंधन उठल्यासारखें झालें. परंतु या सगळ्या काळांत मासा कधीं निषिद्ध नव्हता. मांस निराळें आणि मासा निराळा ही तेथील शेंकडों वर्षांची समजूत आहे. आणि दाशि हा तर त्यांच्या लेखीं पदार्थच नव्हे. आपल्याकडे कोणी विचारलें, आमटींत काय आहे, तर आपण डाळ, चिंच, गूळ सांगूं. फोडणींतलें हिंग सांगण्याचें आपल्या मनांतही येणार नाहीं. तसेंच त्यांचें. आणि फोडणी घातलेल्या आमटींतून फोडणी काढून द्या म्हटलें तर आपण जसे पाहत राहूं, तशीच ती वाढणारी बाई पाहत राहते. टोफूवर भुरभुरलेला माशाचा कीस वगळतां येतो. सकाळींच पातेलेंभर करून ठेवलेल्या सारांतला दाशि वगळतां येत नाहीं.

म्हणून आमचें आग्रहाचें सांगणें असें कीं, प्रत्येकानें आपली मर्यादा पुण्या-मुंबईस असतांनाच ठरवावी. कोणी म्हणतील, माशाचा तुकडा नको, अर्क चालेल. परदेशीं एवढें आम्ही मनावर घेत नाहीं. कोणी म्हणतील, थेंबही नको. यांत कोणाचें बरोबर याचा निवाडा करण्याचा अधिकार या सदराकडे नाहीं, आणि तसा आव आम्ही आणीत नाहीं. परंतु एका गोष्टीविषयीं आमचें मत स्पष्ट आहे. घरांतील तरुण मंडळींना दाशीची गोष्ट ठाऊक असते, आणि तरीही ‘आईंना कशाला सांगावयाचें, उगाच उपाशी राहतील’ असें म्हणून सासूबाईंपुढें मिसोशिरूचा वाडगा डाळीचें पाणी म्हणून सरकविण्यांत येतो. हेतु मायेचा असतो हें खरें. पण ज्या बाईनें साठ वर्षें एक नियम सांभाळला तो मोडावा कीं न मोडावा हें ठरविण्याचा हक्क तिचा आहे, पुतण्याचा नाहीं. आमचा अनुभव असा कीं, नीट समजावून सांगितलें म्हणजे वडील माणसें आपल्या अपेक्षेपेक्षां पुष्कळ शहाणपणानें मार्ग काढितात. कोणी म्हणतात, मला भात, लोणचें आणि टोफू पुरे. कोणी म्हणतात, एवढ्या लांब आलें आहें तर सार पिईन, घरीं गेल्यावर पाहूं. दोन्ही निर्णय त्यांचे स्वतःचे असतात, आणि म्हणून ते सन्मानाचे असतात.

ज्यांनीं थेंबही नको असें ठरविलें त्यांनीं तयार ताट मागवून त्याची मोडतोड करण्याचा हट्ट धरूं नये. सुटे पदार्थ मागवून स्वतःचें ताट जुळवावें. सुट्या पदार्थास ‘तानपिन’ म्हणतात. पांढरा भात म्हणजे ‘गोहान’. गंमत अशी कीं, जपानींत भात आणि जेवण या दोहोंस हा एकच शब्द आहे. त्याबरोबर हियायाक्को, म्हणजे थंड टोफू, ‘कात्सुओबुशि नुकि दे’, माशाचा कीस वगळून, असें सांगून मागवावा. वर किसलेलें आलें आणि कांद्याची पात असते, पात नको असल्यास तेंही सांगावें. नात्तो, म्हणजे आंबविलेले चिकट सोयाबीन, पौष्टिक आहे. पण त्याच्या डबींतल्या रसाच्या पुडींत बहुधा माशाचा अर्क असतो, ती बाजूस ठेवून मेजावरचा साधा सोयारस घ्यावा. (नात्तोचा वास प्रथम सर्वांनाच सोसतो असें नाहीं, आम्हांला तो तिसऱ्या खेपेस आवडला.) शेंगांतले उकडलेले हिरवे सोयाबीन मीठ लावून येतात, ते बहुतेक निर्धोक. नोरि म्हणजे समुद्रवनस्पतीचा भाजलेला कागद. तो साधा असल्याची खात्री करून भाताभोंवतीं गुंडाळावा. लोणच्यांतही क्वचित् कात्सुओ घालतात, म्हणून विचारून घ्यावें. भाज्यांचा तेम्पुरा शाकाहारी वाटतो; पण पिठांत अंडें असूं शकतें, तळण्याचें तेल कोळंबीचेंच असतें, आणि बुडवून खाण्याचा रस दाशीचा.

विचारावयाचें तें कार्डावर जपानी लिपींत लिहून घेऊन जाणें उत्तम. ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन’, मी मांस आणि मासे खात नाहीं. आणि त्याखालीं, ‘साकाना नो दाशि मो ताबेरारेमासेन’, माशाचा दाशिही मला चालत नाहीं. हें दुसरें वाक्य नसेल तर पहिल्याचा उपयोग अर्धाच. कार्ड दाखविल्यावर दुकानदार दोन्ही हात फुलीसारखे धरून नाहीं म्हणाला, तर त्यांत अपमान मानूं नये. खोटें हो म्हणण्यापेक्षां त्यानें खरें नाहीं म्हटलें, हा त्याचा प्रामाणिकपणा आहे. आभार मानून पुढचें दुकान पाहावें. साडेअकरापूर्वीं किंवा दीडनंतर गेल्यास कचेरीच्या लोकांची गर्दी नसते, आणि विचारपूस करावयास त्यांनाही सवड असते. आठ माणसें एकदम न घुसतां चार-चार करून बसावें. पुष्कळ शोकुदो आपल्या बैठकीच्या खोलीएवढेच असतात.

दाशि केवळ माशाचाच होतो असें मात्र नाहीं. कोम्बु नांवाच्या समुद्रवनस्पतीचाही होतो, आणि १९०८ सालीं इकेदा किकुनाए या रसायनशास्त्रज्ञानें ज्या रुचीस ‘उमामि’ हें नांव दिलें तिचें द्रव्य त्यांस कोम्बूंतच सांपडलें. वाळविलेल्या शिताके अळंब्यांचाही दाशि करितात. बौद्ध मठांचा स्वयंपाक, शोजिन र्योरि, याच दोहोंवर चालतो. त्यांत मासा-मांस तर नाहींच, पण कांदा-लसूणही वर्ज्य. चातुर्मास पाळणाऱ्या घराला याहून जवळचें परदेशी अन्न मिळणें कठीण. वाकायामा प्रांतांतील कोयासान या डोंगरावर, जेथें ८१६ सालीं कुकाइ यांस मठ स्थापण्याची अनुज्ञा मिळाली, पन्नासाहून अधिक मठांतून यात्रेकरूंची उतरण्याची सोय आहे, आणि तेथें हेंच जेवण मिळतें. तिळाचा टोफू आणि गोठवून वाळविलेला कोया-दोफू हे तेथील नांवाजलेले पदार्थ. सोय शोकुदोसारखी स्वस्त नाहीं, आणि रात्रीचें जेवण दिवस मावळतांच असतें. पण प्रवासांत एक मुक्काम तेथें ठेवला तर सासूबाईंना एकदां तरी कोणतीही शंका न घेतां सगळें ताट संपवितां येईल. तोकियोंत थकवा आला तर एदोगावा विभागांतील निशि-कासाइ येथें भारतीयांची मोठी वस्ती आहे आणि आपल्या धर्तीच्या खाणावळीही आहेत. त्यांचा आधार घेण्यांत कमीपणा नाहीं.

बसल्यावर पाणी किंवा चहा न मागतां येतो, त्याचे पैसे नसतात. हात पुसावयास ओला रुमाल देतात. तो हातांसाठींच आहे, तोंड-मान पुसूं नये. भाताचा आणि साराचा वाडगा डाव्या हातानें उचलून खावा. पान न उचलण्याची आपली शिकवण येथें लागू नाहीं. सारास चमचा नसतो, वाडगा ओठांस लावून प्यावयाचें. काड्या जमत नसल्यास ‘सुपून’ म्हणावें, चमचा देतात. मात्र काड्या भातांत उभ्या खोंचून ठेवूं नयेत. मृताच्या उशाशीं ठेवावयाच्या भातांत तशा खोंचतात. एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास देऊं नये. दहनानंतर अस्थि तशा उचलतात. पिंडाचा भात आणि अस्थिसंचय ज्यांच्या घरीं ठाऊक आहेत त्यांना हे दोन नियम एकदां सांगितले म्हणजे पुरतात. घरून नेलेलें मेतकूट वा लोणचें दुकानांत काढूं नये. तें उतरण्याच्या खोलींतल्या न्याहारीस ठेवावें.

आरंभीं ‘इतादाकिमासु’ म्हणतात, म्हणजे मी हें नम्रपणें स्वीकारतों. जेवण झाल्यावर तबक मांडून आलें होतें तसें साधारण नीट करून ठेवावें, झांकणें पुन्हा वाडग्यांवर घालावीं, आणि चिठ्ठी घेऊन दाराजवळच्या फडापाशीं जावें. पैसे तेथें द्यावयाचे, मेजावर नव्हे. पैसे हातांत न देतां तेथल्या लहान तबकांत ठेवावे. बक्षीस देण्याची चाल नाहीं. ठेवून गेलांत तर बाई विसरलेले पैसे समजून ते घेऊन रस्त्यांत तुमच्यामागें धांवत येईल. निघतांना ‘गोचिसोसामा देशिता’ म्हणावें. आंतला स्वयंपाकीही मान वर करून उत्तर देतो.